टाटा ६९७ चं जुनं इंजिन घ्यायचंय, २०१८ पासून उभ्या असलेल्या टिपरचं घेऊ का?

साखळीचा_टिपर
नमस्कार मंडळी. इथे बरेच गाडीवाले आणि गॅरेजवाले आहेत, म्हणून सविस्तर लिहून विचारतोय.

माझा सहाचाकी टिपर आहे, टाटा ६९७ टर्बो इंजिनाचा. आधी गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणीवर होता, खाण बंद झाल्यावर चिरे आणि खडीवर लावला. चतुर्थीच्या आठ दिवस आधी अनमोड घाटात भरलेली गाडी चढत असताना खालून ठोक्याचा आवाज सुरू झाला. धाकटा भाऊ चालवत होता. त्याने गाडी कडेला घेईपर्यंत चौथ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. मूठ जाईल एवढं भोक पडलंय. क्रँकही गेला. मिस्त्री म्हणतो, हा ब्लॉक वेल्डिंग करून टिकणार नाही, दुसरं इंजिन बघा.

तीन ठिकाणी चौकशी केलीय. उसगाव बाजूला एका यार्डात मार्च २०१८ पासून उभा असलेला टिपर आहे, मीटरवर फक्त ९० हजार किलोमीटर, इंजिनाची किंमत एक लाख दहा हजार रुपये सांगतात. दुसरं कोल्हापूरकडच्या एका स्क्रॅपवाल्याकडे, एक लाख पस्तीस, चालू इंजिनाचा व्हिडिओ पाठवलाय. तिसरं धारबांदोड्याला. त्या गृहस्थांच्या टिपरची चासी चिरली आहे, म्हणून गाडी मोडीत काढताहेत. इंजिन मागच्या महिन्यापर्यंत कामावर होतं, पण मीटर साडेचार लाखांच्या पुढे आणि किंमत एक लाख साठ, एक रुपया कमी नाही म्हणतात.

माझा कल उसगावच्या इंजिनाकडे आहे. एवढं कमी चाललेलं इंजिन पुन्हा कुठे मिळणार? पावसाळा संपतोय, कामं सुरू होतील आणि घरात गाडी ही एकच. चूक परवडणार नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

घाटकरी
भाऊ, घाई करू नका एवढंच आता सांगतो. रात्री सविस्तर लिहितो, सध्या चोर्ल्यात आहे.

नोझलवाला_फोंडा
माझं वय झालं, हात आता थरथरतात, पण तीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारते ती तोटी) कामात काढली. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी ते ९० हजार डोक्यातून काढा. खाणीची गाडी किलोमीटरवर मोजायची नसते. खाणीपासून जेटीपर्यंत, म्हणजे नदीवरच्या बार्ज भरायच्या धक्क्यापर्यंत, दहा-पंधरा किलोमीटर, त्यात भरायला रांग, काट्यावर रांग, जेटीवर रांग, आणि इंजिन चालूच. रांगा धरून ताशी सरासरी पंधरा किलोमीटर धरा. ९० हजार किलोमीटरचे सहा हजार तास झाले. हेच सहा हजार तास हायवेच्या गाडीने ताशी चाळीसने काढले, तर तिच्या मीटरवर दोन लाख चाळीस हजार दिसतील. आणि खाणीचे तास म्हणजे पहिल्या-दुसऱ्या गिअरचे, पूर्ण लोडचे, धुळीतले.

धुळीचं तर खास सांगायला हवं. आपली लोहखनिजाची तांबडी धूळ एअर फिल्टरमधून एकदा आत शिरली की ऑइलमध्ये मिसळून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर घासून खाते. बाहेरून काही कळत नाही. इंजिन बघायला जाल तेव्हा एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप सोडवा आणि आतून बोट फिरवा. फिल्टरच्या पुढचा पाइप स्वच्छ असायला हवा. बोटाला तांबडं लागलं, तर त्या इंजिनाने धूळ खाल्लेली आहे. मग टर्बोच्या पंख्याची पाती बघा, कडा बोथट झाल्या असतील तर शंकाच नको.

आता दुसरी गोष्ट, उभं राहणं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणी असतं. टिपरच्या सायलेन्सरचं तोंड वर असेल आणि त्यावर झाकण नसेल, तर पावसाचं पाणी थेट खाली उतरतं. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो त्याच्यात जाऊन बसतं. लायनरला गंज, रिंगा लायनरला चिकटलेल्या. पंपाचे प्लंजर (डिझेल दाबणारे दट्टे) तर त्याहून नाजूक. टाकीतल्या डिझेलला पाणी सुटतं, त्यात शेवाळासारखा गाळ धरतो आणि प्लंजर जागच्या जागी जाम होतात.

म्हणून हात जोडून एकच विनंती, तिथे कुणालाही बॅटरी लावून सेल्फ मारू देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दबत नाही, रॉड वाकतो. आधी सगळी नोझलं काढायला लावा आणि पुलीच्या बोल्टवर टॉमी (लांब दांडा) लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा.

बार्जवाला
नोझलवाले काका बोलले ते शंभर टक्के खरं. मी बार्जवर, म्हणजे खनिज नेणाऱ्या बोटीवर, इंजिनाचं काम करतो, मांडवीत. २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा बार्जही नदीत नुसते उभे राहिले. ज्या मालकांनी एक माणूस ठेवून आठवड्याला इंजिन हाताने फिरवून घेतलं, वर्षातून ऑइल बदललं, एक्झॉस्टवर डबा उपडा घातला, त्यांची इंजिनं पहिल्या हाकेला उठली. बाकीच्यांचे ब्लॉक आम्ही डिझेल आणि ऑइल ओतून चार चार दिवस भिजवत ठेवले, तरी काहींचे पिस्टन लाकडी ठोकळा ठेवून ठोकूनच काढावे लागले.

साखळीकर, यार्डवाल्याला एवढंच विचारा, की एवढ्या वर्षांत हे इंजिन कुणी फिरवलं का. उत्तर देताना तो कुठे बघतो तेही बघा.

घाटकरी
आता निवांत बसलोय. कोल्हापूरच्या व्हिडिओबद्दल.

व्हिडिओत इंजिन चालू दिसतं, ते कसं चालू झालं ते दिसत नाही. डिझेल इंजिनाचं सगळं खरंखोटं थंड असतानाच्या पहिल्या स्टार्टमध्ये असतं. रिंगा गेलेलं इंजिनही गरम झाल्यावर गोडच चालतं. त्यामुळे येतो म्हणून सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी पोचा आणि पहिल्यांदा मॅनिफोल्डला हात लावा. कोमट लागलं तर संध्याकाळपर्यंत तिथेच थांबा, थंड होऊ द्या, मग स्टार्ट करायला सांगा.

स्टार्ट झाल्यावर धूर बघायचा. थंडीत क्षणभर पांढरा आला आणि गेला तर ठीक. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर नोझल, टायमिंग किंवा पाणी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावर काळा येऊन लगेच साफ झाला तर घाबरायचं कारण नाही, पण राहिलाच तर हवा कमी किंवा डिझेल जास्त.

मग ऑइल भरायचं झाकण सोडवून तोंडावर नुसतं ठेवा. बॅक कॉम्प्रेशन असेल, म्हणजे रिंगांमधून गॅस खाली गळत असेल, तर झाकण नाचायला लागतं, उडूनही पडतं, आणि तोंडातून गाडीच्या सायलेन्सरसारखा धूर भकभक येतो. थोडी वाफ कुठल्याही जुन्या इंजिनाला असते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी दिसलं तर तिथेच निघा.

सांग्याची_हिशेबवही
आमच्या घरी तीन गाड्या. चालवतात पुरुष, कागद सगळे मी बघते. इंजिनाचं सगळे बोलले, कागदाचं कुणीच बोललं नाही.

इंजिन बदललं की ते आरटीओला कळवावंच लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, चौदा दिवसांच्या आत. आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्यायचा, मग विमा कंपनीकडे जाऊन पॉलिसीतही तोच नंबर करून घ्यायचा. हे राहिलं आणि पुढे अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न इंजिन नंबरचा येतो. तुमच्या गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या.

आणि ज्याचं इंजिन घेताय त्याचे कागद तर त्याहून महत्त्वाचे. २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी बंद पडल्यावर आपल्या भागातल्या कितीतरी टिपरवर बँकेचा बोजा तसाच राहिला. गाडी यार्डात सडते आहे म्हणून ती मालकाची मोकळी झाली असं होत नाही. बोजा असलेल्या गाडीचं इंजिन काढून घेतलंत, तर उद्या बँकेचा माणूस तुमच्या दारात येईल. मालकाची आरसी बघा, बोजा उतरल्याचं पत्र बघा आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून बघा. नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवल्यासारखा चकचकीत पट्टा दिसला तर फुकट दिलं तरी घेऊ नका. विक्रीची पावती हवी, त्यात दोन्ही नंबर, मालकाची सही, ओळखपत्राची प्रत.

साखळीचा_टिपर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. माझं कर्ज फिटलंय, पत्र घरात आहे.

काल मिस्त्रीला घेऊन उसगावला गेलो. टिपरवर वेल चढलेली होती, कोयत्याने साफ करत बॉनेटपर्यंत पोचलो. सायलेन्सरचं तोंड आभाळाकडे, झाकण नाही. मालकाने जंपर केबल आणि बॅटरी तयारच ठेवली होती. "मारून दाखवतो" म्हणाला. मी म्हटलं, थांबा बाब, आधी नोझल काढूया. त्याला थोडा राग आला, पण काढू दिली.

टॉमी लावली तर क्रँक हलेचना. आणखी लांब पाइप लावून दोघांनी जोर दिला तेव्हा करकरत अर्धा फेरा फिरला, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या नोझलच्या भोकातून विटकरी रंगाचं पाणी पिचकारीसारखं वर आलं, मिस्त्रीच्या शर्टावर. आम्ही तिघेही एकमेकांकडे बघत राहिलो. मालकालाही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तो माणूस खोटा नाही. त्या गाडीचे हप्ते त्याने घरातलं सोनं मोडून फेडले आणि गाडी परत चालेल या आशेवर जपून ठेवली. बोट फिरवायचं होतंच, तेही फिरवलं. पेरापर्यंत तांबडं.

परतताना खूप वाईट वाटलं. पण काकांनी लिहिलं नसतं, तर सेल्फ मारला असता आणि मी एक लाख दहा मोजून आलो असतो.

बार्जवाला
बरं केलंत थांबलात. त्या मालकाला सांगा, आता नोझल काढलीच आहेत तर सहाही सिलिंडरमध्ये डिझेल-ऑइल मिसळून ओता, रोज थोडं थोडं मागेपुढे हलवा. कदाचित ब्लॉक आणि क्रँक वाचेल, हाफ इंजिन (हेडशिवायचं) म्हणून तरी विकलं जाईल.

पेडण्याचा_पोरगा
माझा एक प्रश्न. एवढं जुनं ६९७ घेण्यापेक्षा त्यानंतरच्या बीएस-४ (धुराच्या कडक नियमांतल्या) गाडीचं इंजिन बसवलं तर? स्क्रॅपमध्ये तीही येतात आता.

नोझलवाला_फोंडा
नको रे बाबा. प्रश्न चांगला आहे, पण कामाचा नाही. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोर, नावातच सगळं लिहिलंय. हिचा पंप मेकॅनिकल, तारेविना चालणारा. बीएस-४ च्या इंजिनाला कॉमन रेल असते, तिच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळी वायरिंग, सेन्सर, एक्झॉस्टमधली यंत्रणा हे सगळं आणावं लागतं. एक सेन्सर नसला तर इंजिन जोरच देत नाही. शिवाय आरसीवर दुसऱ्या जातीचं इंजिन चढवायला आरटीओची आधी परवानगी. जे होतं तेच बसवावं. त्यातही टर्बोच्या जागी टर्बोचंच, कारण पंपाची सेटिंग आणि पिस्टन वेगळे असतात. फ्लायव्हीलचं हाउसिंग गिअरबॉक्सला बसतं का, तेही मापून घ्यावं.

साखळीचा_टिपर
कोल्हापूरलाही जाऊन आलो. घाटकरींनी सांगितल्याप्रमाणे सकाळी अकरा सांगून नऊला पोचलो. मॅनिफोल्ड तापलेलं. थांबतो म्हटलं, तर त्यांनी "गिऱ्हाईक दुसरं आहे" असं सुरू केलं. नंबराच्या पट्टीवर ताजा रंग मारलेला होता, तो खरवडू दिला नाही. चहा पिऊन परत निघालो. त्याच्याबद्दल जास्त लिहित नाही.

आता धारबांदोडा. काल रात्रीच तिकडे नातेवाइकांकडे वस्तीला गेलो, म्हणजे पहाटे साडेसहाला गाडीजवळ हजर. इंजिन बर्फासारखं थंड. मालक म्हाताऱ्या वयाचे, स्वतःच केबिनमध्ये चढले. दुसऱ्या मारीला उठलं. पांढरा धूर मिनिटभर, मग साफ. झाकण ठेवलं, किंचित थरथरलं पण जागेवरून हललं नाही. पाइपमध्ये बोट फिरवलं, बोट कोरडं आणि स्वच्छ. त्यांच्याकडे एक वही आहे, २००९ पासून प्रत्येक ऑइल आणि फिल्टर बदलल्याची तारीख आणि मीटर लिहिलेला. दोन वर्षांपूर्वी बेळगावला हेडचं काम केलेलं, त्याची पावती वहीला टाचलेली. बोजा उतरल्याचं पत्र आरसीसोबत.

मिस्त्रीने कॉम्प्रेशन मीटर आणला होता. सगळी नोझलं काढून, पूर्ण चार्ज बॅटरीवर, डिझेल बंद करून घेतलेले आकडे, बारमध्ये: २६, २६, २५, २६, २३, २६. पाचव्याचं काय करावं? मालक किमतीत हलत नाहीत.

नोझलवाला_फोंडा
सुंदर. बाकी पाच एका ओळीत आहेत, यावरूनच इंजिन कसं वापरलंय ते कळतं. साडेचार लाख किलोमीटरला हे आकडे माणूस जपतो तेव्हाच मिळतात.

पाचवा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जरा खाली आहे, त्यामुळे नुसतं सोडून द्यायचं नाही. त्याच्या नोझलच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल टाका, जास्त नको, आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा सैल, कारण ऑइलने फट भरली. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीये. व्हॉल्व्ह असेल तर आधी टॅपेटचं (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधलं) अंतर तपासा, तिथेच काम होऊन जाईल कदाचित.

साखळीचा_टिपर
ऑइल टाकून पुन्हा मोजलं. २३ चे साडेतेवीस, बस्स. टॅपेट कव्हर उघडलं तर पाचव्याच्या एक्झॉस्टला अंतरच उरलं नव्हतं, फीलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) आतच जाईना. मिस्त्रीने जुळवलं, पुन्हा मोजलं तर पंचवीस. मालक शेजारी उभे राहून बघत होते, म्हणाले, "एवढं बघून घेणारा पहिलाच आलात." मग स्वतःहून म्हणाले, सेल्फ आणि अल्टरनेटर यातच घ्या, वेगळे पैसे नकोत. एक लाख साठ मोजले. पावती ताईंनी सांगितली तशीच लिहून घेतली.

सांग्याची_हिशेबवही
वाचून फार बरं वाटलं. इंजिन काढायच्या आधी ब्लॉकवरच्या नंबरचा पेन्सिल घासून ठसा घ्या, आणि त्यांच्या गाडीला लावलेलं असतानाचा फोटोही. आरटीओत दाखवायला बरं पडतं. आणि त्यांनाही त्यांच्या गाडीची नोंद रद्द करायला सांगा, नाहीतर एकच नंबर दोन ठिकाणी राहील.

घाटकरी
बसवताना एक काम विसरू नका. इंजिन खाली आहे तोवर क्रँकचं मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, पायलट बेअरिंग, वॉटर पंप आणि सगळे रबरी पाइप नवे घाला. हजारांची कामं आहेत, पण नंतर गिअरबॉक्स उतरवून करायची म्हटलं तर दिवस जातात. रेडिएटर धुऊन घ्या. तुमच्या जुन्या इंजिनाचे धातूचे कण ऑइलबरोबर कुठे कुठे गेले असतील. ऑइल कूलर तर नवाच बसवा, त्यात बारीक चुरा अडकून राहतो आणि नव्या बेअरिंगमध्ये येतो. पहिल्या स्टार्टला डिझेल बंद ठेवून सेल्फवर फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा वर आला की मगच डिझेल सोडा.

बार्जवाला
ऑइल कूलरचं घाटकरींनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. बेअरिंग गेलेल्या इंजिनानंतर लोक हेच विसरतात.

साखळीचा_टिपर
मंडळी, शेवटचं कळवतो. इंजिन पिकअपमधून आणलं, साडेचारशे किलोच्या आसपास वजन, चेनकप्पीला आंब्याची फांदी नको म्हणून गॅरेजच्या गर्डरलाच लावली. बसवायला पाच दिवस लागले. घाटकरींनी सांगितलेलं सगळं केलं, कूलर नवा. प्रेशरचा काटा वर येईपर्यंत भाऊ केबिनमध्ये श्वास रोखून बसला होता. डिचोलीच्या आरटीओत अर्ज दिला, गाडी दाखवून आलो. आरसीवर नंबर चढला की विम्याचं करतो.

काल पहिली खेप झाली, चिऱ्यांची. घाटात जिथे ब्लॉक फुटला होता तिथे भाऊने मुद्दाम गाडी थांबवली, उतरून खाली वाकून बघितलं, ऑइलचा एक थेंब नाही, मग मला फोन केला.

आणि उसगावच्या मालकाचाही आज फोन आला. बार्जवाल्यांनी सांगितलं होतं तसं त्याने दोन आठवडे डिझेल-ऑइल ओतून ठेवलं आणि रोज टॉमी मारली. क्रँक आता पूर्ण फिरतोय म्हणाला. सायलेन्सरवर पत्र्याचा डबाही घातलाय. हेड उतरवून लायनर बघायचेत, त्याला एकट्याला धीर होत नाही. मी रविवारी जातोय. नोझलवाले काका, तुम्हाला फोंड्याहून न्यायला आलो तर याल का? हात थरथरले तरी चालेल, तुम्ही फक्त खुर्चीवर बसून बघा, पाने मी आणि भाऊ चालवू.

नोझलवाला_फोंडा
सकाळी सातला या. प्लंजरचा डबा आणि भिंग घेऊन तयार राहतो.